लाल चिमणी

"बस झाली लाकडं, खण आता," आई म्हणाली.

गोठलेल्या जमिनीवर बापाने दिवसभर जाळ केला, तेव्हा कुठे कुदळ रुतली. बाजूला, त्याने स्वतः ठोकलेल्या फळ्यांच्या शवपेटीत आजी होती.

मोत्रियाला रडू येत नव्हतं. तिला आजीचा राग आला होता. दर हिवाळ्यात म्हातारी तिला कुशीत घेऊन म्हणायची, "एवढी थंडी काढ गं पोरी. चेरी फुलल्या की आपण परत आपल्या गावी, विल्खीवकाला." कॅनडातल्या अल्बर्टाच्या या रानात मोत्रिया तीन वर्षांची असताना आली आणि त्याच शब्दावर चौदा वर्षांची झाली. शेजारच्या स्वीडिश पोरींशी तिने कधी गट्टी केली नाही. दारात एक झाड लावू दिलं नाही. जायचंच आहे, तर कशाला?

आणि परत जाणार याचा पुरावा घरातच होता. आजीचा पेटारा इथे आल्यापासून कधी उघडलाच नव्हता. "प्रवासाचं सामान आहे त्यात. हात लावलास तर बोटं छाटीन!" हे बोलतानाही म्हातारीची सुई चालूच असायची. घरातल्या प्रत्येकाच्या बाहीवर तिने वेगळी खूण भरली होती. बापाच्या बाहीवर ओकची पानं, आईच्या लाल बोरं, स्वतःच्या द्राक्षं. मोत्रियाच्या चिमणी.

"जा, पेटाऱ्यातून आजीची पुरचुंडी आण," बाप म्हणाला.

"कसली?"

"गावच्या मातीची. परमुलखात मेलेल्याच्या छातीवर टाकतात. पुन्हा गाव दिसायचं नाही हे ज्याचं ठरलेलं असतं, त्याच्यासाठी निघतानाच बांधून घेतात."

म्हणजे आजीला ठाऊक होतं. असू दे. म्हातारं माणूस, एवढ्या लांबचा प्रवास तिला पुन्हा कुठला झेपायला! मोत्रियाने मनाची समजूत घातली आणि घरात जाऊन पेटारा उघडला.

आत प्रवासाचं काहीच नव्हतं. वर द्राक्षांच्या खुणेची पुरचुंडी होती. तिच्याखाली ओकच्या पानांची. मग लाल बोरांची. मोत्रियाने तळाशी चाचपलं.

तिथे एक इवलीशी पुरचुंडी होती, तीन वर्षांच्या पोरीच्या छातीला पुरेल एवढीच. तिच्यावर लाल चिमणी होती.