वीस-पन्नासचं तेल

सहा महिने झाले, चाँद मिस्तरींनी घरातल्या कुणालाच ओळखलं नव्हतं. बीडचे डॉक्टर करून झाले, ताबीज झाला, जुने फोटो दाखवून झाले. शेवटी हारिसनं बापाला हाताला धरून माजलगावच्या त्यांच्याच गॅरेजात आणलं आणि एका पंचवीस वर्षं जुन्या मोटारसायकलीपुढं बसवलं.

"अब्बा, हिच्यात कोणतं तेल टाकायचं?" त्यानं काकुळतीला येऊन विचारलं.

म्हाताऱ्यानं इंजिनातलं काळं तेल दोन बोटांत चोळून पाहिलं.

"पातळ न्हाई चालायचं. पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, लई धूर सोडंल. वीस-पन्नास ग्रेडचं जाड तेलच पायजे."

अगदी बरोबर! हारिसच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं बापाचे तेलकट हात घट्ट धरले. "अब्बा, आता सांगा, मी कोण हाय?"

चाँद मिस्तरींनी हळूच हात सोडवून घेतले आणि त्याच्यापुढं स्टूल सरकवलं.

 

"बसा ना साहेब. आमचा हारिस येईलच इतक्यात, त्याच्याकडूनच तेल बदलून घ्या. त्याचा हात माझ्यापरीस लई साफ हाय."