तिसरा कोट

टेलरमास्तरांचा कुणावरच भरवसा नव्हता. स्वतः घेतलेलं मापसुद्धा ते खात्रीसाठी पुन्हा घेत. शिवलेल्या कपड्यांचे फोटो फोनमधून कॉम्प्युटरवर न्यायचे होते, तर पहिलं सॉफ्टवेअर दुकानाचा ठावठिकाणा विचारू लागलं आणि दुसरं ओळखीपाळखीच्यांचे नंबर.

"माझ्या कपड्यांचे कट चोरायचा डाव आहे," मास्तर पुटपुटले.

"चोरतंय कोण? इथं गिऱ्हाइकं शिवलेलंसुद्धा न्यायला येत नाहीत," आतल्या खोलीत काजं करणारी बायको म्हणाली.

तिसऱ्याने काहीच विचारलं नाही, म्हणून मास्तरांनी तेच घेतलं.

फोनमध्ये खुंटीवरचा काळा कोट होता. कॉम्प्युटरवरही तोच फोटो आला, पण कोटाचे खांदे भरलेले होते आणि बाहीतून बोटं डोकावत होती. मास्तरांनी फोन उचलला. आता तिथेही बोटं होती.

"अगं, फोटोच्या वेळी कोटात कोण होतं?"

"कोण असणार? तुम्हीच टांगलात, तुम्हीच फोटो काढलात. अजून तुमच्या मागेच लटकतोय, रिकामा."

पडद्यावर अक्षरं उमटली: 'दोन कोट सारखे झाले. तिसरा राहिला.'

पाठीमागची खुंटी करकरली. मग कुणीतरी मास्तरांच्या खांद्यांवर टेप धरली. एकदा, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा.