मिचीला निरोप

"मेला असेल हो तो!" होझुमी म्हणाली. "दोन वर्षांत एका प्रश्नाला उत्तर नाही. मिचीचा कर्ता एकतर मेला तरी असेल, नाहीतर कुठेतरी भात लावत असेल."

समोर बसलेल्या इसोगाईंना ठसका लागला. मिचीचे कर्ते तेच होते. पण इथे ते कुणाला ठाऊक? या धंद्यात माणसं एकमेकांना टोपणनावाने ओळखतात. इसोगाई इंटरनेटवर ‘दोबिन’ होते, आणि चेहऱ्याच्या जागी त्यांनी मातीच्या चहादाणीचं चित्र लावलं होतं.

ताकामात्सुच्या बाजारपेठेतल्या त्या माडीवर शनिवारी दुपारी ‘त्सुबामे’ची मंडळी जमली होती आणि आपापल्या लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. त्सुबामे म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर उभा करायचा तयार सांगाडा. कितीतरी दुकानं, खानावळी, शाळा त्याच्या जिवावर चालतात. त्याच्या पोटात मिची. बाहेरून आलेला वेबपत्ता वाचायचा आणि पाहुण्याला योग्य दारात नेऊन सोडायचं, एवढंच तिचं काम. इसोगाईंनी ती तरुणपणी लिहिली आणि फुकट वाटली. आयुष्यात दाखवण्यासारखं त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आता त्यांच्या पडद्यावर मंजुरीसाठी आलेला एक बदल उघडा होता. मिची काढून टाका, तिच्या जागी हे घ्या. पाठवणाऱ्याचं चित्र म्हणजे चष्मा लावलेलं मशरूम. तेच मशरूम समोर होझुमीच्या लॅपटॉपच्या पाठीवर चिकटवलेलं होतं. मिचीच्या बाबतीत शेवटचा शब्द दोबिनचा, असा त्सुबामेचा नियम. नाही म्हटलं की विषय संपला. हो म्हटलं, तर उद्यापासून मिचीला कुत्रंही विचारणार नव्हतं.

खोट काढायचीच, अशा बेताने इसोगाई वाचायला बसले. पहिल्या पानावर त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. दुसऱ्या पानावर त्या कधी गेल्या, त्यांनाही कळलं नाही. मिची प्रत्येक पाहुण्यासाठी सगळी दारं एकेक करून ठोठावत जायची. या पोरीने सगळे पत्ते आधीच झाडासारखे रचून ठेवले होते. पाहुणा आला की फांदीफांदीने उतरत थेट आपल्या दारात. एवढं साधं! बारा वर्षं आपल्याला कसं सुचलं नाही? त्यांच्या तोंडातून "वा!" निघून गेलं.

"काय झालं?" होझुमीने मान वर केली.

"काही नाही. हे गोड मांजू छान झालेत."

"तुम्ही अजून एकही खाल्ला नाहीये." ती हसली आणि पुन्हा स्वतःशीच पुटपुटायला लागली. "आता मिचीतली ही एक ओळ. टक्क्याच्या चिन्हावर स्वतंत्र पहारा! पत्त्यात नुसतं टक्क्याचं चिन्ह कोण घालतं? काय माणूस होता! दिली मी काढून."

इसोगाईंचा हात थांबला. कोण घालतं ते त्यांना चांगलं माहीत होतं. मिचीच्या पहिल्याच वर्षी कुणीतरी तसा अर्धवट पत्ता पाठवला, सर्व्हरला तो उलगडेना, आणि ऐन नवीन वर्षात एका गरम झऱ्याच्या सराईचं सगळं आरक्षण बंद पडलं. मालकीणबाईंनी फोनवर त्यांचे वाभाडे काढले होते. त्यानंतर ती ओळ आली.

म्हणजे खोट सापडली होती. पण त्यांना काही बोलायचीही गरज नव्हती. गप्प बसून हो म्हटलं की झालं. महिन्याभरात त्सुबामे तोंडघशी पडला असता, आणि हीच मंडळी हात जोडून मिचीकडे परत आली असती. इसोगाईंनी एक मांजू उचलला, तसाच खाली ठेवला आणि टंकायला सुरुवात केली.

जरा वेळाने होझुमी किंचाळली, "अगं बाई! जिवंत आहे!"

माडीवरच्या सगळ्या माना वळल्या.

"दोबिनचं उत्तर आलंय! म्हणतो, ती टक्क्याची ओळ काढू नका. तुमच्या झाडात तिची जागा कुठे, तेही दाखवलंय. नुसतं टक्क्याचं चिन्ह पाठवून बघा म्हणतो." तिने पाठवून पाहिलं. तिचा सर्व्हर जागच्या जागी आडवा झाला. "बाप रे," ती हळूच म्हणाली, आणि निमूटपणे ओळ परत घालायला लागली.

दुरुस्ती येऊन पोचली. आता इसोगाईंच्या पडद्यावर लाल रंगात खोडलेली अख्खी मिची होती आणि खाली होकाराचं बटण. त्यांनी लाल ओळी वरपासून खालपर्यंत एकदा वाचून काढल्या. मग बटण दाबलं.

पाच वाजता तोकुनागा-सानांनी, ज्यांची ती माडी होती त्यांनी, टाळी वाजवली. दुपारभर आपापलं काम करायचं आणि उठताना आज काय केलं ते एका वाक्यात सांगायचं, ही तिथली रीत.

"मी एका माणसाचं सगळं काम पुसून टाकलं," होझुमी म्हणाली, "आणि पडता पडता त्यानेच मला सावरलं. कधी भेटला तर कमरेत वाकून माफी मागेन हो."

"आणि इसोगाई-सान, तुम्ही?"

"मी? लिहिलं काहीच नाही. नुसतं वाचलं."

"काय वाचलंत?"

इसोगाईंनी लॅपटॉप मिटला. "मला कधीच जमलं नसतं, असं काहीतरी."

रीतीप्रमाणे टाळ्या पडल्या. होझुमीनेही वाजवल्या, दोबिनच्या नावापुढच्या होकाराच्या हिरव्या खुणेवरून नजर न काढता.