रिकाम्या पोटी घ्यायची गोळी

डॉ. देवरेंनी धनराजला खुर्चीवर गुडघे टेकून, पाठमोरं उभं राहायला सांगितलं. टाचेच्या जरा वर त्यांनी छोट्या हातोडीने हलकेच मारलं. पाऊल झटकन हललं, पण जागेवर परत जाताना रेंगाळलं. भिंतीशी बसलेल्या त्याच्या बायकोने, प्रतिभाने, ते पाहिलं.

धनराज अंबडच्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होता. मंगळवारी दुपारी मशीनसमोरच त्याचा डोळा लागला. शेजारच्या सहादूने खांदा धरून मागे ओढलं म्हणून बोटं वाचली. सुपरवायझरने त्याला त्याच दिवशी पॅकिंगला बसवलं. आधी डॉक्टरला दाखव, मग प्रेसचं बघू, म्हणाला.

"सगळ्याच टेस्ट लिहा मॅडम," धनराज खुर्चीवर नीट बसत म्हणाला. "खाली लॅबचा बोर्ड आहे, फुल बॉडी चेकअपचा. शुगर, हार्ट, काय असेल ते एकदाच निघू दे."

"थंडी वाजते?"

"तशी नाही."

"एप्रिलात पंखा बंद करायला लावतात," मागून प्रतिभा म्हणाली. "दिवाळीपासून आवाज बसलाय. आणि कोपराची कातडी बघा, मॅडम."

डॉक्टरांनी कोपर बघितलं, नाडी पुन्हा एकदा धरली.

"दोनच टेस्ट लिहिते. टीएसएच आणि फ्री टी-फोर. तुमचं थायरॉइड मंदावलंय असं मला वाटतंय. टीएसएच वाढलेलं निघालं तर अँटीबॉडीची टेस्ट करू, म्हणजे कशामुळे झालं ते कळेल. बाकी आत्ता काही नको. गरज नसताना चाळीस गोष्टी तपासल्या, की एखादी इकडची तिकडे निघतेच. मग आपण तिच्या मागे धावत बसतो."

"थायरॉइड?" धनराज ओशाळून हसला. "ते बायकांचं असतं ना?"

"पुरुषांना कमी होतं. होत नाही असं नाही."

"मग कंपनीत काय सांगू?"

"थायरॉइड आहे म्हणून सांगायचं. रिपोर्ट तर येऊ द्या."

धनराज स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग एकदम म्हणाला, "मॅडम, मी आळशी नाहीये. सगळे म्हणतात, धन्या हल्ली अंग चोरतो. सकाळी उठताना कुणी अंगावर भरलेलं पोतं ठेवल्यासारखं वाटतं हो. खरंच सांगतो."

"खरंच असणार," डॉक्टर म्हणाल्या.

प्रतिभाने मांडीवरची पर्स जवळ ओढली. मी आळशी नाहीये, असं तिनेही एकदा म्हटलं होतं, घासायच्या भांड्यांसमोर उभं राहून. तेव्हा धनराजने टीव्हीचा आवाज वाढवला होता.

"घरात आणखी कुणाला थायरॉइड आहे?"

"नाही. कुणालाच नाही."

"मला आहे," प्रतिभा म्हणाली. "बरीच वर्षं झाली. गोळी चालू आहे."

धनराजने मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"तुमचं यात धरता येत नाही, ताई," लिहिता लिहिता डॉक्टर म्हणाल्या. "रक्ताचं नातं लागतं. पण तुम्ही यांचं बरोबर ओळखलंत."

"ओळखीचंच होतं," प्रतिभा म्हणाली.

खाली लॅबमधल्या मुलीने दंडाला पट्टा बांधला. धनराजने तोंड फिरवलं आणि मोकळ्या हाताने प्रतिभाचं मनगट धरलं. सुई निघाली, कापूस दाबून झाला, तरी त्याने ते सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. टीएसएच खूप वाढलेलं होतं, टी-फोर कमी. मागाहून केलेल्या अँटीबॉडीच्या टेस्टने कारणही कळलं, शरीर स्वतःच्याच थायरॉइडवर उलटलं होतं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. दीड महिन्याने पुन्हा टीएसएच बघायचं आणि तोवर प्रेसवर जायचं नाही, असं बजावलं. कंपनीत धनराजने थायरॉइड असंच सांगितलं. दोघंतिघं हसले. सहादू हसला नाही.

पहिल्या सकाळी प्रतिभाने त्याच्या हातावर गोळी ठेवली, पाण्याचा ग्लास दिला. आपलीही गोळी घेतली. धनराज स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर वाट बघत बसला.

"चहा?"

"आत्ता नाही. ही गोळी रिकाम्या पोटी असते. निदान अर्धा तास काही घ्यायचं नाही."

"तू रोज थांबतेस?"

"रोज."

"मला तर उठल्या उठल्या देतेस."

"तुम्हाला देते."

खाली कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती चालू होईना. धनराज ते ऐकत बसला. शेवटी स्कूटर सुरू झाली आणि आवाज कोपऱ्यावरून दूर गेला.

"तुझं पहिल्यांदा रक्त काढलं, तेव्हा बरोबर कोण होतं?"

प्रतिभा ओट्याला टेकून उभी होती. तिने जरा आठवल्यासारखं केलं.

"कुणी नव्हतं. सकाळी एकटीच जाऊन आले. तेव्हा तुमची सेकंड शिफ्ट होती ना."

धनराजने रिकामा ग्लास टेबलावर थोडा पुढे सरकवला, पुन्हा मागे घेतला.

"सेकंड शिफ्ट दुपारी सुरू होते," तो म्हणाला.

प्रतिभाने घड्याळाकडे बघितलं. चहाला अजून वेळ होता.