बोंबील कधी वाळत घालायचे

पाहुण्यांच्या आंघोळीचं पाणी तापवायला जतीनशेठच्या रिसॉर्टमध्ये ओल्या लाकडाच्या ढलप्या आणि रंगवलेलं मोडकं प्लायवूड जाळतात. काळा धूर शेजारी नयनाच्या अंगणात उतरतो, म्हणून तिने तक्रार केली होती.

आज डहाणूत तपासणीला साहेब आले. भट्टीत खडखडीत वाळलेल्या ढलप्या, चिमणीवर धुराचा पत्ता नाही. शेठकडचं सरबत पिऊन साहेब नयनाकडे वळले.

"एवढा धूर असतो, तर हे बोंबील कसे वाळत घातलेत, बाई?"

नयनाने वर न बघता बोंबलांची आणखी एक जोडी दांडीवर अडकवली.

"तुम्ही येणार असलात की शेठ सुकी लाकडं लावतो. चिमणी साफ दिसली, की आम्ही बोंबील बाहेर काढतो. येत जा अधूनमधून, साहेब. तेवढाच तुमचा उपयोग."