कुठलीही लिपी चालते

ढुंढिराज गुरुजी भडकले होते. रामकुंडावरच्या त्यांच्या पौरोहित्याची वेबसाइट खरोखर त्यांचीच आहे, असं सांगणारं सुरक्षा प्रमाणपत्र लेक वल्लरी काढत होती आणि तो मेला फॉर्म त्यांचं मराठीत लिहिलेलं नाव काही केल्या घेत नव्हता.

“इंग्रजी अक्षरंच लागतात, बाबा. तपासणाऱ्याला वाचता यायला हवं ना!”

“गेला खड्ड्यात तपासणारा! आमच्या नामावळीनं आजवर कुणाची लिपी नाकारली नाही.” यजमान आपल्या हातानं नाव-गाव लिहून जातात, ती जाडजूड वही त्यांनी तिच्यापुढे आपटली. “ही बघ. कन्नड, बंगाली, तेलुगू. मला ओ की ठो कळत नाही, पण जो आला त्याला लिहू दिलं.”

वल्लरीनं हसत २००३च्या कुंभातलं एक तेलुगू पान उघडलं आणि भाषांतरासाठी मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला. तिचं हसू मावळलं.

“काय लिहिलंय गं?”

“‘आमची दीड वर्षांची मुलगी काल घाटावर हरवली. डाव्या कानामागे काळा डाग आहे. सापडली तर कृपा करून कळवा.’ खाली पत्ता आहे.”

तिचा हात डाव्या कानामागे गेला. तिथं काय आहे ते गुरुजींना बघायची गरज नव्हती. लहानपणी तिच्या वेण्या त्यांनीच घातल्या होत्या.

“बाबा, तुम्ही तर म्हणायचात, मला शोधत कुणी आलंच नाही.”