दुसरी गोळी

कल्याणात बंदुका दुरुस्त करणाऱ्या धाकूकडे गोऱ्या साहेबाची रायफल आली. पहिल्या गोळीनंतर रिकामं काडतूस आतच अडकत होतं. गेल्या साली ती नीट चालत होती, तेव्हा शिकारीत हिचीच दुसरी गोळी बिबट्याऐवजी हाकारा घालणाऱ्या एका माणसाला लागली होती. जागीच गेला बिचारा.

"अवो, नका नीट करू," धाकूची बायको कलावती म्हणाली. "यंदा हाकाऱ्याला माझा दगडू जातोय. कडेवर वाढवलाय मी भावाला."

"आणि साहेबाला काय सांगू?"

"झाली म्हणून सांगा. तेल लावून चकचकीत तेवढी करा!"

धाकू हसला. त्याने तेवढंच केलं.



खडवलीच्या रानात पहिल्या गोळीने जखमी झालेला बिबट्या दगडूवर झेपावला, आणि त्याला वाचवायला साहेब अडकलेलं काडतूस निघावं म्हणून रायफलीचा दांडा ओढत राहिला, ओढतच राहिला.